शिडीच्या उमेदवाराचा बोलणारा

आमच्या गावात कोणी गेलं की दोघांना बोलावणं जायचं. एक बांबू बांधणाऱ्याला आणि दुसरं मला. बांबूवाल्याचं काम त्याच दिवशी उरकायचं, माझी पाळी तेरावं झाल्यावर यायची. मी दारव्ह्याच्या वाचनालयाचा चिटणीस होतो, आणि शोकसभा वाचनालयाच्या ओसरीत भरत असल्यामुळे तिथे बोलण्याचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं होतं. पहिल्यांदा बोललो तेव्हा गेलेले गृहस्थ मला नीट माहीतही नव्हते. तरी त्यांची सून तोंडाला पदर लावून रडली, आणि तेव्हापासून माझी सुटका झाली नाही. पुढे पुढे असं झालं की मी कोणाकडे सहज तब्येत विचारायला गेलो तरी घरातली माणसं घाबरायची. एका बाईंनी तर मला दारातूनच सांगितलं होतं की आता बरे आहेत, तुम्ही येऊ नका.

शोकसभेत बोलण्याची एक पद्धत असते. गेलेला माणूस कशाच्या बाजूनं होता आणि कशाच्या विरुद्ध, हे बोलायचं नसतं, कारण समोर त्याचे भाऊबंद बसलेले असतात आणि बांधावरून त्याच्याशी भांडलेले शेजारीही. साधे होते, सरळ होते, कोणाच्या अध्यातमध्यात नव्हते, एवढ्या भांडवलावर अर्धा तास काढावा लागतो. मला ते जमायचं. सत्तावन्न सालच्या लोकसभेच्या निवडणुकीत विरोधकांनी मला उचललं ते याच गुणावर. हल्ली या कामाला प्रवक्ता म्हणतात. तेव्हा नुसतं 'बोलणारा' म्हणत.

विरोधक म्हणजे काही एक नव्हते. आदल्या दिवाळीच्या सुमाराला आम्हाला नागपूरच्या राज्यातून उचलून मुंबईच्या अवाढव्य द्विभाषिक राज्यात टाकलं होतं, आणि ते बऱ्याच जणांना पटलं नव्हतं. पण न पटण्याचेही दोन प्रकार होते. एका गटाला वेगळा विदर्भ हवा होता. दुसऱ्याला सगळ्या मराठी मुलखाचा एकच महाराष्ट्र हवा होता. आम्ही त्यांना वेगळेवाले आणि एकत्रवाले म्हणायचो. सरकारी पक्षासमोर दोघांनी दोन उमेदवार दिले असते तर दोघंही पडले असते, म्हणून बऱ्याच बैठका होऊन असं ठरलं की उमेदवार एकच द्यायचा, पण त्याला या प्रश्नावर काही मत नसावं. आणि बोलणारा असा असावा की जो चुकूनही मत देणार नाही.

असा उमेदवार शोधून सापडला नसता, पण दारव्ह्यात एक आयता होता. ते वकील होते, पन्नाशीच्या पुढचे, विधुर. वकील असून ते फारसे बोलत नसत. जे काही सांगायचं ते अर्जात. टपाल उशिरा आलं तर अर्ज, बाजारातला कंदील विझलेला दिसला तर अर्ज. घरी स्वयंपाकाला येणाऱ्या बाईसाठीही ते ओट्यावर चिठ्ठी ठेवून जात, आणि त्या बाईला वाचता येत नसे. ती बिचारी चिठ्ठी घेऊन माझ्याकडे वाचनालयात यायची आणि मी तिला सांगायचो की आज वरण पातळ करा म्हणतात.

एवढा अबोल माणूस उभा राहायला तयार का झाला, याचं मला कोडं पडलं. मी सरळ त्यांना जाऊन विचारलं. त्यांनी सवयीनं कागद पुढे ओढला, मग तो बाजूला सारला.

“चिटणीस, तुमाले खरं सांगतो,” ते म्हणाले. “मले दिल्लीले जायचं नाई. मले माह्या बहिणीच्या दारात जायचं हाये.”

बहीण त्यांच्याहून मोठी. आई लहानपणी गेल्यावर तिनंच यांना वाढवलेलं. ती पांढरकवड्याच्या अलीकडे, मोठा रस्ता सोडून जंगलाच्या बाजूला एका गावी दिलेली होती. अकरा वर्षांपूर्वी तिच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न निघालं. मुलीला बोहल्यावर आणायचं आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या मागे उभं राहायचं हे मामाचं काम, आणि मामा हे एकटेच. आदल्या दिवशी ते दारव्ह्याहून यवतमाळच्या छोट्या गाडीत बसले. ती गाडी माणसाच्या चालीनं जाते हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होतं, पण त्या दिवशी ती फारच रेंगाळत होती. मधल्या एका स्टेशनवर वकीलसाहेब खाली उतरले, तक्रारवही मागून घेतली आणि गाडी उशिरा धावत असल्याची तक्रार लिहायला बसले. तक्रार दोन पानं झाली. सही करून मान वर केली तर गाडी निघून गेलेली.

ते पोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. मामाच्या जागी शेजारचा कोणी तरी उभा राहिला होता. बहीण एक शब्द बोलली नाही आणि त्यानंतर कधीच बोलली नाही. तिसऱ्या वर्षी ते मनाचा हिय्या करून तिच्या गावी गेले, तर तिनं अंगणातून त्यांना येताना पाहिलं, आत गेली आणि कडी लावली. हे उन्हात थोडा वेळ उभे राहिले आणि परत आले.

“पण मत मागाले आलेल्या मानसाले कोनी कडी लावत नाई,” ते म्हणाले. “पेल्यात पानी तरी देते. मी हरलो तरी चालन. ती एक शब्द बोलली पाह्यजे.”

आता सांगायला हरकत नाही, तोपर्यंत मी नाही म्हणायचं ठरवून गेलो होतो. पण आजवर मी मेलेल्या माणसांसाठीच बोललो होतो. माझ्या बोलण्यानं एखाद्या जिवंत माणसाचं काही काम होईल, याचा मला मोह पडला.

दोन्ही गटांनी माझ्यावर नजर ठेवायला एकेक माणूस दिला. ज्या शब्दांना मी हात लावायचा नाही त्यांची एक यादीही दिली. विदर्भ, महाराष्ट्र, मुंबई, नागपूर, राजधानी, मराठी, वेगळं, एकत्र, असे तीसेक शब्द त्यात होते. सभेत वेगळेवाला माझ्या उजव्या हाताला बसायचा आणि एकत्रवाला डाव्या हाताला. मी जरा जरी एकत्रवाल्यांच्या अंगाला सरकलो की वेगळेवाला खोकायचा, आणि उलट झालं की एकत्रवाला हातातली छत्री जमिनीवर आपटायचा. फेब्रुवारीत त्या माणसाला छत्री कशाला लागते, असं लोक विचारत. मोटार एकत्रवाल्यांची होती आणि ड्रायव्हर वेगळेवाल्यांचा. त्यामुळे कुठल्या रस्त्यानं जायचं याचाही ठराव करावा लागे.

निशाणी मिळाली शिडी. त्या वेळी मत देण्याची रीत निराळी होती. मतदानाच्या खोलीत पडद्यामागे प्रत्येक उमेदवाराची आपापली लोखंडी पेटी ठेवलेली असे. पेटीवर त्याच्या निशाणीचं चित्र चिकटवलेलं असे आणि मतदारानं आपला कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. वाचता येणं गरजेचं नव्हतं, पण चित्र डोळ्यांत बसणं फार गरजेचं होतं. म्हणून आम्ही गावच्या रंगाऱ्याची खरीखुरी बांबूची शिडी मागून घेतली. घरांच्या भिंती रंगवून पोट भरणारा माणूस तो, शिडी एकटी सोडायला तयार होईना, म्हणून तोही प्रचारात आला. मिरवणुकीत शिडी सगळ्यात पुढे, आडवी, चौघांच्या खांद्यावर. वेगळेवाल्यांनी तिला झेंडूच्या माळा गुंडाळल्या. मग एकत्रवाल्यांना राहवेना, त्यांनी पांढऱ्या शेवंतीच्या गुंडाळल्या. तिच्यामागे मी चालायचो, खाली मान घालून, कारण मला तसंच चालायची सवय होती. माझ्यामागे उमेदवार आणि बाकीची मंडळी.

पहिल्याच दिवशी रंगारी मला बाजूला घेऊन म्हणाला, “चिटणीस, फुलं काढाले सांगा. हे तिरडी दिसून राह्यली.”

मी म्हटलं, असं काही मनात आणू नका.

“माह्या मनात कायले येते? आमी तं दसऱ्याले नागपूरले जाऊन दीक्षा घेतली, सुतकबितक समदं सोडून देल्लं. पन बाकीच्याईनं सोडलं नाई ना.”

मी ते दोन्ही माणसांच्या कानावर घातलं. वेगळेवाला म्हणाला, काढू, पण आधी शेवंती निघाली पाहिजे. एकत्रवाला म्हणाला, आधी झेंडू. फुलं निवडणूक संपेपर्यंत राहिली, फक्त सुकली की बदलत.

पहिली सभा दिग्रसच्या बाजारात झाली. कापसाच्या गाड्या सोडलेल्या होत्या आणि माणसं बऱ्यापैकी जमली होती. मी उभा राहिलो. यादीतले तीस शब्द वजा जाता माझ्याजवळ काय उरलं होतं? हे राज्य आम्हाला नको, एवढं म्हणता येत होतं. ते म्हणून झालं. मग समोरचा एक शेतकरी, डोक्याला उपरणं बांधलेला, बसल्या जागेवरून शांतपणे म्हणाला, “हे नको, ठीक हाये. मंग कोनतं पाह्यजे?”

खोकला आणि छत्री दोन्ही एकदम वाजली. मी म्हणालो, जे सगळ्यांना पाहिजे ते.

“सगळ्याईले काय पाह्यजे?”

मला घाम फुटला. आणि घाम फुटलेला माणूस त्याला जे पाठ असतं तिकडेच पळतो. मी म्हणालो, आमचे वकीलसाहेब म्हणजे साधा माणूस. सरळ माणूस. कधी कोणाच्या अध्यातमध्यात नाहीत. तोंडातून कधी वावगा शब्द गेला नाही, हाताची लेखणी मात्र शेवटपर्यंत थांबली नाही. 'शेवटपर्यंत' हा शब्द मी मुद्दाम घातला नव्हता, तो त्या वाक्यात नेहमीच असायचा. असा माणूस पुन्हा होणे नाही, असंही मी म्हणून गेलो. आवाज आपोआप खाली आला. समोरच्यांनी टोप्या काढल्या. एका म्हातारीनं डोळे पुसले. माझं बोलणं संपलं तसं सगळी सभा उठून उभी राहिली आणि दोन मिनिटं मान खाली घालून गप्प राहिली. ज्याला मी उत्तर दिलं नव्हतं तो शेतकरीसुद्धा उभा होता.

मागे वळून पाहिलं तर वकीलसाहेबही उठून मान खाली घालून उभे होते. नंतर मी विचारलं तर म्हणाले, सगळे उभे राह्यले, मी एकटा कसा बसू?

मला लाज वाटली, राग आला आणि हसूही आलं, पण दुसऱ्या सभेत काही फरक पडला नाही. तिसऱ्या सभेतही नाही. मी घरून ठरवून निघायचो की आज जोरात बोलायचं, आणि कोणी तरी तोच प्रश्न विचारायचं, मग खोकला, मग छत्री, की मी पुन्हा साध्या आणि सरळ माणसावर येऊन पडायचो.

आठवड्याभरात बातमी आमच्या पुढे धावायला लागली. चौघांच्या खांद्यावर फुलं लावलेली बांबूची वस्तू, मागे खाली मान घातलेला मी, आणि ज्यांच्यासाठी मी येतो ते कोणत्या अवस्थेत असतात हे तालुक्याला ठाऊक. एका गावात आम्ही उतरलो तर पाटलांनी माझा हात हातात घेतला आणि विचारलं, “कवा गेले वकीलसाहेब?”

मी म्हटलं, हे काय, मागे उभे आहेत.

पाटलांनी मागे पाहिलं. “भाऊ का त्याईचे? तोंडावळा तोच हाये.”

“मीच तो,” वकीलसाहेब म्हणाले.

पाटलांनी समजुतीनं मान हलवली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. दुःखात माणूस काहीही बोलतो, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

सरकारी पक्षाची माणसं याबाबतीत फार सभ्य निघाली. आमच्या उमेदवारावर टीका करणं त्यांनी बंद केलं, कारण गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. त्यांच्या एका सभेत तर त्यांच्या वक्त्यानं वकीलसाहेबांचा गौरवानं उल्लेख केला. मी हैराण झालो आणि खुलाशाचं पत्रक काढा म्हणून दोन्ही माणसांच्या मागे लागलो. आमचे उमेदवार जिवंत आहेत, एवढं एक वाक्य छापायचं होतं. एकत्रवाल्यानं त्यात घातलं, महाराष्ट्राचे सुपुत्र जिवंत आहेत. वेगळेवाल्यानं ते खोडून लिहिलं, विदर्भाचे सुपुत्र. मी म्हणालो, नुसते सुपुत्र म्हणा. मग कोणाचे ते लोक विचारतील, असं दोघंही एकदम म्हणाले. त्या निवडणुकीत ते दोघं एकमतानं बोलले ते तेवढंच. पत्रक निघालं नाही.

मला एकाच गोष्टीची धास्ती होती. हे बहिणीच्या कानावर गेलं तर? वकीलसाहेबांनाही तीच होती. तिचं गाव दौऱ्यात सगळ्यात शेवटी होतं. त्यांनी दोन्ही गटांना अर्ज लिहिला की सदर गाव आधी घ्यावं. अर्जाला रीतसर मंजुरी यायला सहा दिवस लागले. सातव्या दिवशी सकाळी आम्ही निघालो.

मोटार गावापर्यंत जात नव्हती. शेवटचा पल्ला पायी होता. दोन्ही अंगांना पळस फुललेला, मोहाची फुलं पडलेली, आणि आम्ही शिडी खांद्यावर घेऊन चाललो होतो. मी म्हटलं, निदान आज ही शिडी मागे ठेवू. पण मिरवणूक शिडीशिवाय निघणार नाही असा ठराव होता. वकीलसाहेब धुतलेला कोट घालून आले होते. ते मला तीनदा म्हणाले, “तिच्या दारात तुमीच बोला. मले जमत नाई.” मी तीनदा हो म्हणालो. काय बोलायचं ते मी वाटेत मनात जुळवत होतो, आणि त्या दिवशी माझ्याजवळ तो तीस शब्दांचा अडसरही नव्हता. बहिणीशी बोलायला त्यातला एकही लागणार नव्हता.

वेशीतच मला कळलं की आम्हाला उशीर झाला आहे. माणसं दोन्ही बाजूंना टोप्या हातात घेऊन उभी होती. गावाची समजूत अशी झाली होती की बहिणीला शेवटचं दाखवायला आम्ही मातीच घेऊन आलो आहोत. लोक शिडीकडे बघत, तिच्यावर कोणी नाही हे त्यांना दिसे, आणि ते एकमेकांकडे बघत. कोणी तरी हळूच म्हणालं, “मांगं चालत येऊन राह्यला थो कोन?”

घराच्या ओट्यावर ती उभी होती. साठीची, उंच, भावासारखंच लांब नाक. नुकतंच अंगावर पाणी घेतलेलं, केस ओले आणि मोकळे, लुगड्याचा पदर भिजलेला. आमच्याकडे जवळचं कोणी गेल्याची बातमी आली की ऐकल्या जागी आंघोळ करतात. कडी लावायची ती वेळच नव्हती. तिनं आधी शिडी पाहिली. मग मला पाहिलं, आणि माझ्याबद्दल तिनं ऐकलेलं असावं, कारण तिचा चेहरा उतरला. मग तिला माझ्यामागचा धुतलेला कोट दिसला.

मी बोलायला तोंड उघडलं. खरंच सांगतो, जुळवलेलं सगळं गेलं. तोंडाशी आलं ते एकच वाक्य, आज आपल्यात नसलेले. मी तोंड मिटून घेतलं. बोलणारा म्हणून महिनाभर हिंडलो, आणि ज्या एका दारात बोलायला मला आणलं होतं तिथे मी मुका उभा राहिलो. खोकला आला नाही, छत्री आपटली नाही.

तीच बोलली. ओट्यावरून, फार मोठ्यानं नाही.

“काय रे बाबू, भेटली का गाडी?”

वकीलसाहेबांनी कोटाच्या खिशात हात घातला. कागद शोधत होते की काय कोण जाणे. हात रिकामाच बाहेर आला.

“भेटली, बाई,” ते म्हणाले.

“मी तुही आंघोळ करून बसली.” आणि ती खाली बसून रडायला लागली. हेही तिच्या पायाशी बसले. गावातल्या बाया पुढे झाल्या, आणि मेलेल्या माणसासाठी जमलेल्या त्या बायांनी जिवंत माणसासाठी रडून घेतलं. मीसुद्धा रडलो. रंगाऱ्यानं शिडी भिंतीला उभी करून ठेवली.

दुपारी तिनं सगळ्यांना जेवू घातलं. आता तरी मताचं बोलावं म्हणून वेगळेवाल्यानं मला खूण केली. मी म्हणालो, बाई, मतदानाच्या खोलीत बऱ्याच पेट्या असतील, तुमच्या भावाच्या पेटीवर शिडीचं चित्र आहे, कागद तीत टाकायचा.

“कोनती शिडी?”

मी भिंतीकडे बोट दाखवलं. फुलं तशीच होती. तिनं बराच वेळ पाहिलं.

“ते तिरडी होय,” ती म्हणाली. “माह्या भावाचा कागद मी तिरडीत टाकू?”

मी समजावलं. रंगाऱ्यानं फुलं ओरबाडून काढली, शिडी नीट टेकवली, चार पायऱ्या चढून दाखवल्या आणि वरून म्हणाला, “पाहा ना बाई, शिडीच हाये.” ती म्हणाली, आता तू म्हनशील, पन मी सकाळी पाह्यलं ते पाह्यलं. बाकीच्या बायांनीही माना हलवल्या. मरणाची खोटी बातमी आली की माणसाचं आयुष्य वाढतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. “वाढलेलं आयुष्य त्या पेटीत टाकून वापस करू का मी?” तिनं विचारलं. वकीलसाहेब ओसरीवर बसून तिसऱ्यांदा ताक पीत होते. त्यांना कशाचंच काही वाटत नव्हतं.

मोजणी यवतमाळला झाली. उमेदवार म्हणून ते आणि त्यांचा माणूस म्हणून मी, असे आम्ही दोघं टेबलाशी बसलो होतो, आणि दोन्ही गटांची माणसं आमच्या मागे उभी होती. आपण पडणार हे पहिल्या तासातच कळलं. दुपारी त्या गावच्या शिडीच्या पेटीचं सील तोडलं. अधिकाऱ्यानं पेटी उलटी केली. एकही कागद पडला नाही. नुसता खुळखुळ आवाज झाला आणि टेबलावर मूठभर दाणे सांडले. ज्वारीचे, कुंकवात रंगवलेले. आमच्याकडे लग्नात अशाच अक्षता असतात.

अधिकारी नवे होते, बहुधा पुण्याकडचे. हे काय आहे, त्यांनी विचारलं. दाणे वैध धरायचे की अवैध, आणि कुठल्या रकान्यात दाखवायचे, यावर त्यांची आणि त्यांच्या कारकुनाची चर्चा झाली. छापील तक्त्यात तसा रकाना नव्हता. वेगळेवाला माझ्या कानात म्हणाला, हे आपल्या गटाकडून असावं. एकत्रवाला म्हणाला, छे. मी वकीलसाहेबांकडे पाहिलं. ते दाण्यांकडे बघत होते. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या हातात यायच्या राहिलेल्या त्या अक्षता होत्या, आणि अरुंद फटीतून त्या एकेक करून आत सोडायला त्या बाईला पडद्यामागे किती वेळ लागला असेल, असं माझ्या मनात आलं. तिनं आपला कागद कुठल्या पेटीत टाकला ते मात्र कधी सांगितलं नाही.

वकीलसाहेबांनी कागद मागून घेतला आणि तिथेच अर्ज लिहिला. सदर ज्वारी ही मतपत्रिका नसल्याने निकालास बाधा न येता अर्जदारास परत मिळावी. चार ओळींत संपलेला त्यांचा तो पहिलाच अर्ज मी पाहिला. अधिकाऱ्यांनी मंजूर असं लिहून सही केली. यांनी दाणे रुमालात बांधले आणि आम्ही निकाल ऐकायला न थांबता निघालो.

तीन वर्षांनी द्विभाषिक मोडलं. एका गटाला हवं ते मिळालं, दुसऱ्याला नाही. वकीलसाहेबांना त्यावर अजूनही मत नव्हतं. दर भाऊबीजेला ते बहिणीकडे जात. मोटारीनं जात, रेल्वेच्या वाटेला गेले नाहीत. मी शोकसभांत बोलणं सोडून दिलं. लोकांना वाटलं घसा गेला. ते गेल्यावर तरी मी बोलेन असं गावानं धरलं होतं, पण त्याही वेळी मी उभा राहिलो नाही. त्यांच्याबद्दल जे बोलायचं ते मी ते समोर बसलेले असताना बोलून बसलो होतो.

ते गेले ते पुढे काही वर्षांनी, एका उन्हाळ्यात, पहाटे, झोपेत. सकाळीच बहिणीच्या गावी माणूस पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा जावई सायकल दामटीत वाचनालयात आला. ज्याच्या लग्नात मामा पोचला नव्हता तोच हा. घामानं निथळत होता. मी पाणी दिलं, ते त्यानं घेतलं नाही.

“आत्याबाईनं पाठोलं,” तो म्हणाला. सासूला आमच्याकडे आत्याच म्हणतात. “निरोप आला, पन ते उठेना. म्हंते, मागच्या बारीले बी असंच सांगतलं होतं. चिटणिसाले इचारून ये, म्हंते. खरं असन तं आंघोळ करतो, नाई तं नाई.”

त्या महिन्याभरात मला गावोगाव किती जणांनी काय काय विचारलं होतं, आणि मी एकालाही सरळ उत्तर दिलं नव्हतं.

“हो,” मी म्हणालो. “करा म्हणावं.”